विंचवानं माणूस मरतो होय?

पुण्यात सोसायटीतलं कुणी ना कुणी मला हे विचारतंच. चौथ्या मजल्यावर राहूनही मी चप्पल झटकल्याशिवाय पाय घालत नाही ना, म्हणून.

माझं माहेर महाड तालुक्यातलं. तिथं मरत. माझा धाकटा काका गेला तेव्हा नऊ वर्षांचा होता. पेंढा रचताना हाताला डसला. आजी सांगायची, "पोर फार रडलं नाही गं. नुसतं घामानं भिजलं, ओकलं, हातपाय गार पडले." मांत्रिक म्हणाला, उतरला. पहाटे तोंडाला गुलाबी फेस आला.

आजीची ही लक्षणं मला पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांच्या लेखनात जवळजवळ जशीच्या तशी सापडली, आणि वाचताना हात थांबला. जालना जिल्ह्यातल्या गरीब घरातला हा माणूस नागपूरला डॉक्टर होऊन १९७६ साली आमच्याच महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. लाल विंचू डसून गंभीर झालेल्या रुग्णांतले शेकडा तीस-चाळीस तेव्हा दगावत. पुस्तकात नेमका उपाय नव्हता. मग ते खाटेशीच बसले. नाडी, रक्तदाब, घाम टिपत राहिले. त्यातून उमगलं, की नुसता ठणका असला तर फारशी भीती नाही. घाम, ओकाऱ्या, गार हातपाय दिसले की सावध व्हायचं. विषानं अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं, फुप्फुसांत पाणी भरतं. ही धोक्याची लक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

पुण्यात एमडी करून ते परत महाडलाच आले. १९८६ साली पुन्हा 'लॅन्सेट', या वेळी प्राझोसिनबद्दल. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. तीच आवळलेल्या वाहिन्या सैल करते. मृत्यू शेकडा एकाच्या आसपास आले. २०२२ च्या पद्मश्रीचं कौतुक आहेच, पण मला गोळीचं जास्त आहे. ती द्यायला ना यंत्र लागतं, ना मोठं हॉस्पिटल. खेड्यातला डॉक्टर रुग्णाला गाडीत घालण्याआधीच देऊ शकतो.

मी दहावीत असताना लाकडं काढताना आत्याला डसला. घाम सुटला तशी आजी भिंतीला टेकून खालीच बसली. आरोग्य केंद्रात गोळ्या दिल्या, दोन दिवस ठेवून घेतलं. आत्या घरी आल्यावर आजीनं उरलेली गोळी तळहातावर घेतली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"एवढीशी?"