थोरला, धाकटा आणि १७व्या प्रकरणातली खाडी

खाडी आटली, मंडळी! पौर्णिमेला, बरोबर मध्यरात्री, थोरला डोक्यावर असताना. मागच्या नोंदी वाचलेल्यांना यातला आनंद कळेल. गणपतीपासून १७वं प्रकरण पाण्याखाली होतं.

नव्या लोकांसाठी थोडक्यात: मी लिहितेय त्या कादंबरीच्या जगाला दोन चंद्र आहेत, थोरला आणि धाकटा. तिच्यातल्या कालिंदीला सिंधुकोटात शिरायचंय. कोट खाडीच्या तोंडाशी, ओहोटीला पायी गाठता येईल असा. तिचा मंत्र फक्त थोरल्या चंद्राच्या सरळ उजेडात चालतो, म्हणजे थोरला पूर्ण हवा आणि माथ्यावर हवा. हा नियम दुसऱ्या प्रकरणापासून पक्का आहे, त्याला हात लावायचा नाही. प्रकरण बीटा वाचनाला (छापण्याआधी चुका दाखवणाऱ्या वाचकांकडे) गेलं आणि अलिबागकडच्या वाचकाने समासात एकच ओळ लिहून पाठवली: "ताई, पौर्णिमेच्या मध्यरात्री कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन दाखवा." (हा अलिबागचा समुद्रातला किल्ला, पायी गाठायचा तर ओहोटीलाच.)

कोकणातल्या माणसाला हे घड्याळाशिवाय कळतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमाराला भरती, तीही उधाणाची. आपल्या किनाऱ्यावर चंद्र माथ्यावर असताना पाणी चढलेलं असतं. जगात सगळीकडे असं नसतं, पण माझा सिंधुकोट कुलाब्यावरून उचललेला आहे, त्यामुळे पाणीही तिथलंच.

मग पळवाटा शोधल्या. पहाटे सहाची ओहोटी घेतली तर थोरला मावळतीला टेकलेला, मंत्र बंद. अष्टमी घेतली तर मध्यरात्री ओहोटी मिळते, पण ती भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट. पाणी पुरतं उतरतच नाही आणि चंद्र अर्धा, तो तरी मावळतोय नाही तर नुकता उगवतोय. खाडी आत लांबवली तर भरती उशिरा पोचते, हेही करून पाहिलं. पण मग ५व्या प्रकरणातला गलबतांचा पाठलाग कोसळतो, आणि तो माझा सगळ्यात लाडका आहे. "जादूने पाणी हटव की," असा सल्ला दोघातिघांनी दिला. नाही हटवणार. जादूने पाणी हटत असेल तर कालिंदी पहिल्याच प्रकरणात कोटात पोचली असती.

हे सगळं डोंबिवली ते घाटकोपर उभ्याने आणि पुढे मेट्रोत. आमच्या लेखा विभागाचं कॅलेंडर ठरलेलं: ७ला टीडीएस, ११ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १४ला २बी (पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांवरून मिळणाऱ्या कर-क्रेडिटचा तक्ता) येतं, २०ला ३बी (कर भरायचं विवरण). १४ ते २० या काळात मी लेखिका नसते. पुरवठादाराने बिल चढवलेलं नाही, त्यामुळे क्रेडिट अडकलंय, त्यामुळे मी फोनवर कुणाला तरी "साहेब, जरा बघा ना" म्हणतेय. २१ला पुन्हा कादंबरी उघडली की कोण कुठल्या घाटात होतं ते आठवायलाच एक संध्याकाळ जाते. त्यावर उपाय म्हणून हल्ली १४ला फाईल मिटताना शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं सोडते. हा उपाय चालतो, करून बघा.

पण यावेळी ऑफिसनेच हात दिला. २बी आणि खरेदीखातं जुळवताना लुकअप लावत होते, आणि डोक्यात आलं की प्रकरणं आणि तिथ्या अशाच जुळवता येतील. घरी येऊन लिब्रे ऑफिसमध्ये तक्ता मांडला. (ऑफिसच्या लॅपटॉपवर कादंबरीचं एक अक्षरही ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका.) एका रकान्यात दिवस, दुसऱ्यात थोरल्याची तिथी, तिसऱ्यात धाकट्याची. धाकटा आतापर्यंत निव्वळ शोभेला होता: नऊ दिवसांत फेरी मारतो, तांबूस दिसतो, प्रेमिकांच्या उपयोगी पडतो. त्याच्यामुळेही भरती येणार, हे मात्र तक्त्यात टाळता येईना.

इथे जरा गणित सोसा. चंद्राची भरती ओढण्याची ताकद वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या घनाने घटते. केप्लरच्या नियमाप्रमाणे अंतराचा घन हा फेरीच्या काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे अंतर माहीत नसलं तरी चालतं: वस्तुमान भागिले काळाचा वर्ग. धाकट्याची फेरी थोरल्याच्या एक-तृतीयांश काळात, म्हणून वस्तुमान एक-दशांश धरलं तरी भरती जवळजवळ तेवढीच, ०.९ पट. आणि तेच सूत्र उलटं फिरवलं की आणखी गंमत: घनता सारखी असेल तर आकाशात जो जेवढा मोठा दिसतो त्याच्या घनाच्या प्रमाणात त्याची भरती. आपले सूर्य आणि चंद्र दिसायला सारखेच आहेत, तरी सूर्याची भरती चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी, कारण सूर्याची घनता कमी. हे समजलं त्या रात्री मी जेवणाचं ताट तसंच ठेवून नवऱ्याला समजावत बसले होते. तो म्हणाला, "म्हणजे आमटी गार झाली ते चंद्रामुळे."

तर कल्पना अशी: पौर्णिमेला मध्यरात्री थोरला माथ्यावर, आणि त्याच वेळी धाकटा क्षितिजावर, अर्धा. थोरला पाणी चढवतोय, धाकटा उतरवतोय. झालं काम, असं वाटलं. आकडे घातले. थोरल्याचा १, सूर्याचा ०.४६, दोघं एका बाजूला. समोर धाकट्याचा ०.९. तरी पाणी सरासरीच्या वरच! खाडी आटणं दूर, कालिंदी गळ्याइतक्या पाण्यात. धाकटा दीडपट मोठा दाखवला तर भरती जवळजवळ साडेतीनपट होते आणि काम भागतं, पण पहिल्या १६ प्रकरणांत त्याला ठिकठिकाणी "थोरल्याएवढाच" म्हटलंय आणि दोन लावण्या त्यावरच रचल्यात. लावण्या बदलायच्या नाहीत. यमक जुळवताना जीव गेलाय.

मग शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट धरली, मांडवा, तिथून अलिबाग. भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघाले होते. घोडागाड्या किल्ल्याकडे चालल्या होत्या, मी पायी गेले. ओल्या वाळूतून चालताना पाय किती रुततो, कातळावरचं शेवाळ कसं निसटतं, हे सगळं प्रकरणात आलंय. (कालिंदीच्या पायात आता चपला नाहीत. चपलेने तिथे निभाव लागत नाही.) एका कातळाला गंजून गेलेली कसलीतरी लोखंडी कडी होती. तिच्याकडे बघता बघता सुचलं.

धाकटा लोखंडाचा.

मोठा नाही, जड. चंद्राची घनता ३.३४, लोखंडाची ७.८७, म्हणजे सव्वादोन पटीहून जास्त. त्याला आकाशात फक्त एक-दशांश मोठा केला, जो लावणीतल्या प्रेमिकाला कळणारही नाही, की भरती तिपटीच्या वर, ३.१. त्यातून १.४६ वजा. उरलं उणे १.६४, म्हणजे नेहमीच्या उधाणाच्या ओहोटीपेक्षाही खोल ओहोटी, पौर्णिमेच्या मध्यरात्री, लख्ख चांदण्यात. शिवाय तो तांबूस का, तर गंजामुळे! पहिल्या खर्ड्यापासून तांबूस लिहीत आले, कारण आज मिळालं. कोटातल्या पुजाऱ्यांना लोखंड निषिद्ध का, याचंही.

आता सगळं आनंदीआनंद म्हणून तक्ता खाली ओढला, तर नवीनच भानगड. पौर्णिमेला धाकटा अर्धा असण्याचा योग दर तिसऱ्या पौर्णिमेला येतो, जरासा सरकत सरकत. ते ठीक. पण त्या रात्रीपासून दीड महिन्याने, अमावास्येला, सूर्य, थोरला आणि धाकटा तिघंही एका रेषेत. बेरीज ४.५६. नेहमीच्या उधाणाच्या तिप्पट! ३ऱ्या प्रकरणातलं माझं सुंदर बंदर, त्याची पेठ, त्याचं जकातघर, वर्षातून चार वेळा बुडणार.

आधी वैतागले. मग लिहिता लिहिता, म्हणजे ही नोंद लिहिता लिहिता, वाटतंय की हे बंदर बुडूच द्यावं. पेठ माचांवर उचलू. तळमजल्यावर कुणी राहतच नाही. आणि महाउधाण कधी ते ज्याला माहीत, त्याच्या हातात सगळं बंदर. कोणाचं गलबत आत घ्यायचं, कोणाचा माल वाळूत रुतवायचा. मांत्रिकाला खलनायक करून ठेवलाय तो मला पहिल्यापासून पचत नव्हताच. खरा माणूस जकातदार! पंचांग त्याच्याकडे, आणि तो ते कुणाला दाखवत नाही. नाणेघाटात जकातीचा म्हणून दगडी रांजण दाखवतात, तसला एक त्याच्या दारात ठेवते. जकातदार कसा बोलतो ते मला शोधायला नको, नोकरीत रोज त्याच्याशीच गाठ असते.

म्हणजे ९ ते १२ पुन्हा लिहायची. दिवाळी अंकासाठी या जगातली सुटी कथा काढायचं ठरलं होतं, ती आता मांत्रिकाची नाही, जकातघरातल्या कारकुनाची. उधाणाच्या आदल्या रात्री त्याच्या हातात तक्ता पडतो, एवढंच सुचलंय.

साधनांबद्दल विचारलं होतं त्यांच्यासाठी: लोकलमध्ये आवाजी टंकलेखन करते, गर्दीत ते "थोरला" चं "ठरलं" करतं, तरी बोटांनी टाइप करण्यापेक्षा बरं. तिथीसाठी आधी भिंतीवरचं कालनिर्णय, आता दाते पंचांग. फाँट "मुक्त" नावाचा, युनिकोडमधला. प्रकाशकाला जुन्या फाँटमध्ये फाईल हवी असेल तर रूपांतर करून झाल्यावर प्रत्येक रफार आणि "ऱ्या" स्वतः तपासा, कुठल्याही कन्व्हर्टरवर माझा विश्वास नाही.

भरतीचा तक्ता हवा असेल त्यांनी सांगा, धाकट्याचा काळ आणि घनता बदलायचे रकाने पिवळे करून देते. आणि एक विचारायचंय: माचांवरच्या पेठेत चूल कशी पेटवत असतील? खाजणात किंवा बोटीवर राहून स्वयंपाक केलेला, पाहिलेला कुणी असेल तर १४ तारखेच्या आत कळवा. त्यानंतर मी साहेबांना "जरा बघा ना" म्हणत असेन.