पातं न्यायला एअरशिप हवं

कळंबोलीत मी ओडीसी मालाचं काम बघतो, म्हणजे नेहमीच्या ट्रेलरवर न मावणारा माल. पवनचक्कीचं साठ मीटरचं पातं वळणावर अडलं की पुढे पायलट गाडी, बांबूने तारा उचलणारी पोरं, मागे हॉर्नचा नुसता कल्ला. एअरशिप, म्हणजे हवेपेक्षा हलक्या वायूवर तरंगणारं जहाज, परत यावं असं मला मनापासून वाटतं ते यासाठी.

१९३७ साली हिंडेनबर्ग नावाचं एअरशिप जळालं, पोटात हायड्रोजन होता. आता हेलियम भरतात. पेटत नाही, पण महाग. एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो उचलतो. वीस टनांच्या पात्याला वीस हजार घनमीटर, जहाजाचं स्वतःचं वजन वेगळंच!

खरी मेख माल उतरवताना आहे. वीस टन खाली ठेवले की हलकं झालेलं जहाज वर उसळणार. तेवढंच पाणी लगेच चढवायला हवं. साताऱ्याच्या पठारावर ते आणायचं कुठून? शिवाय जिथे पवनचक्की तिथे वारा असणारच.

कॅलिफोर्नियात १२४ मीटरच्या पाथफाइंडर १ या एअरशिपची चाचणी उड्डाणं झाली आहेत. प्रवासी विमानानेच जातील. अवजड मालाला मात्र, पावसाळा वगळून, हे जहाज नक्की चालेल.