आधी पूल, मग गाडी

मुंबईच्या हार्बर लाइनवर फास्ट गाडी नसते. रूळ दोनच, एक जाण्याचा आणि एक येण्याचा, त्यामुळे कुणी कुणाच्या पुढे जाण्याचा प्रश्नच येत नाही. पनवेलहून सीएसएमटीला निघालेल्या माणसाने सव्वा तासाच्या वर वेळ धरायचा आणि वाटेतलं प्रत्येक स्टेशन बघत बघत जायचं. वेस्टर्नवाले, सेंट्रलवाले 'फास्ट चुकली' म्हणून हळहळतात. आमच्या नशिबात ते दुःखही नाही.

ही गाडी ठाण्याची खाडी ओलांडून नवी मुंबईत, वाशीला आली ती मे १९९२ मध्ये. त्याआधी मानखुर्दला लाइन संपायची. खाडीवर रस्त्याचा पूल मात्र १९७३ पासून उभा होता. म्हणजे मोटारी, ट्रक आणि बस एकोणीस वर्षं आधीच पलीकडे पोचल्या होत्या आणि गाडी मानखुर्दला थांबून वाट बघत होती. आम्ही खाडीपलीकडे राहायचो, बाबांची नोकरी फोर्टात. सकाळी बसने पूल ओलांडायचा, मानखुर्दला उतरून लोकल धरायची. संध्याकाळी हेच उलट, फक्त बस मिळेल तेव्हा. आई आमटी गॅसवरून उतरवायची, परत चढवायची. बाबा घरात आले की पहिलं वाक्य 'जेवायला वाढ' नसायचं, 'पुलावर किती वेळ गेला' हे असायचं.

खरं तर नवी मुंबई कागदावर उतरली तेव्हा तिच्यात रेल्वे होतीच. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, इंजिनिअर शिरीष पटेल या तिघांनी साठच्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये ते वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. गाडीच्या मार्गावर एकेक उपनगर ओवायचं, स्टेशन घरापासून चालत जाण्याइतकं जवळ ठेवायचं, असा तो बेत. पण रेल्वेला पैसा लागतो, आणि जिथे अजून माणसंच राहत नाहीत तिथे रूळ टाकायला दिल्लीतलं खातं कशाला तयार होईल? माणसं म्हणणार गाडी आणा मग येतो, रेल्वे म्हणणार आधी या मग बघू. यातून वाट निघाली ती मला अजूनही हुशारीची वाटते. खर्चाचे साधारण दोन भाग सिडकोने उचलायचे, एक भाग रेल्वेने. आपला वाटा सिडकोने वसूल करायचा तो तिकिटावर थोडा अधिभार लावून आणि स्टेशनांच्या डोक्यावर दुकानं, कचेऱ्या बांधून. अधिभाराच्या नावाने बायकांच्या डब्यात बोटं मोडली जायची. मला मात्र त्यात गैर वाटलं नाही. गाडी आली म्हणून ज्यांच्या जागेचा भाव वाढला त्यांनी गाडीला चार पैसे द्यावेत, एवढंच. उलट मुंबईत इतरत्र हे कधी का केलं नाही, असं वाटतं.

या व्यवहारातून आम्हाला मिळाली ती स्टेशनं. वाशी, नेरूळ, बेलापूर: उंच छत, ऐसपैस फलाट, दोन्ही बाजूंना रिक्षा आणि बस लागायला मोकळी जागा. सुरुवातीला तिथे माणसं इतकी कमी की साखरपुड्यासाठी लग्नाचा हॉल घेतल्यासारखं वाटायचं. दादरची आत्या पहिल्यांदा आली तेव्हा फलाटावर उभी राहून म्हणाली, "अगं, एवढं मोठं बांधलंय कुणासाठी?" दादरच्या पुलावर जन्म गेलेल्या बाईचा तो प्रश्न रास्त होता. मुंबईत रीत अशी की आधी गर्दी गुदमरते, मग जिना रुंद होतो. इथे जिना आधी रुंद झाला.

माणसं आली हळूहळू. १९९३ मध्ये गाडी बेलापूरपर्यंत गेली, १९९८ मध्ये पनवेलपर्यंत. २००४ मध्ये ठाणे-वाशी लाइन सुरू झाली आणि कल्याण-डोंबिवलीकरांची कुर्ल्याला वळसा घालून येण्याची पीडा गेली. हार्बरच्या सगळ्या गाड्यांना नऊऐवजी बारा डबे लागायला २०१६ उजाडावं लागलं, ही वेगळी कथा. आता संध्याकाळी सीएसएमटीला पनवेल गाडी समोर उभी असूनही वाशीकर ती सोडून देतात. वाशी गाडीत निदान धड उभं तरी राहता येतं, म्हणतात. पनवेलवाल्यांना वाशीपर्यंतचे लोक डब्यात नकोच असतात. "तुमच्यासाठी वाशी गाडी आहे ना?" हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय, आणि पनवेलला राहायला गेल्यावर अगदी त्याच सुरात म्हटलंयसुद्धा.

हे सगळं आठवायचं कारण उरण. १२ जानेवारी २०२४ रोजी मुंबईतल्या शिवडीहून उरणच्या बाजूला न्हावाशेव्याला जाणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी उरणची लोकलही सुरू झाली. जवळपास बावीस किलोमीटरचा पूल, बराचसा समुद्रावर, सहा पदरी. मोटारीला तेव्हा एका वेळचा टोल अडीचशे रुपये. दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव. टीव्हीवर दिवसभर पूलच होता. लोकलच्या वाट्याला खाली सरकणारी एक ओळ आली. उरणकडची माणसं कित्येक वर्षं कंटेनरच्या रांगांतून एसटीने आणि सहा आसनीतून नोकऱ्यांना जात होती. खारकोपरपर्यंत रूळ २०१८ मध्येच आले होते, पुढचे हे चौदाएक किलोमीटर यायला पाच वर्षं लागली.

गेल्या वर्षी मुद्दाम जाऊन आले. नेरूळला बसले, खिडकी न मागता मिळाली. बामणडोंगरी, खारकोपर, मग दोन्ही बाजूंना खाजण, मिठागरं, लांब कुठेतरी बंदराच्या क्रेन. द्रोणागिरी स्टेशन असं की आत्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला असता. उरणला उतरल्यावर भाजीची टोपली घेऊन बसलेल्या एका मावशींना विचारलं, गाडीचा उपयोग होतो का?

"होतो की," त्या म्हणाल्या. "पण तासाला एक. चुकली की भाजी बसते उन्हात, नि मी बी."

मोठी स्टेशनं बांधायला आपण शिकलो, हे खरं. आता त्या स्टेशनात अर्ध्या तासाला एक तरी गाडी यावी. तिला रूळ आहेत, फलाट आहेत, छतही आहे. फीत कापायला तेवढं काही नाही, म्हणून बहुतेक अडलंय.