जातींची यादी आणि माझ्या हातावरचा व्रण

माझ्या डाव्या हाताच्या पंजावर दातांचा एक जुना व्रण आहे. कुत्र्यांच्या वर्तनाविषयी सल्ला देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे लोकांची नजर तिकडे हमखास जाते आणि मग ठरलेला प्रश्न येतो : तुम्हाला स्वतःला कुत्रा चावला आहे, तरीही धोकादायक जातींवर बंदी घालायला तुमचा विरोध कसा? त्या हाताच्या जागी एखाद्या लहान मुलाचा चेहरा असता तर? प्रश्न रास्त आहे, आणि विचारणारा माणूस बहुधा आईबाप असतो, म्हणून तो उडवून लावण्याची माझी इच्छा नाही.

आधी व्रणाची हकीकत सांगतो. ज्या कुत्र्याने चावा घेतला तो लॅब्रॅडोर होता. कोणत्याही देशाच्या बंदीच्या यादीत ही जात माझ्या पाहण्यात नाही. पूर्वी त्याच्या जेवणाच्या भांड्याजवळ कोणी गेले की तो गुरगुरत असे, आणि गुरगुरला की मालक त्याच्या तोंडावर फटका मारत असे. काही महिन्यांत गुरगुरणे थांबले. मालकाने मला ते अभिमानाने सांगितले, आणि मी, ज्याला हे कळायला हवे होते त्यानेच, भांडे उचलण्यासाठी हात पुढे केला. चावण्यापूर्वी कुत्रा सहसा बरेच काही सांगत असतो : तो मान वळवतो, ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होते, आणि त्यानंतर गुरगुर येते. गुरगुर हा त्याचा सभ्यपणा आहे. ती मारून बंद केली की भीती तशीच उरते आणि इशारा तेवढा नाहीसा होतो. तो कुत्रा धोकादायक झाला होता हे मला मान्य आहे. परंतु त्याला तसा करणारी गोष्ट त्याच्या जातीच्या नावात शोधून सापडली नसती.

आता कायदा काय पाहतो ते बघा. ब्रिटनच्या १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांविषयीच्या कायद्याने पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो हे चार प्रकार निषिद्ध ठरवले. कुत्रा त्या प्रकारात मोडतो की नाही हे त्याच्या आईबापांवरून किंवा वर्तनावरून ठरत नाही, शरीराच्या ठेवणीवरून ठरते. आणि सरकार पक्षाने तसा आरोप केला की तो कुत्रा त्या प्रकारचा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. सुरुवातीच्या वर्षांत दोषी ठरलेल्या मालकाच्या कुत्र्याला ठार मारण्याचा आदेश देण्यावाचून न्यायालयापुढे पर्यायच नव्हता. ती मोकळीक १९९७ च्या दुरुस्तीने मिळाली.

यादीतून पळवाट कशी निघते हेही याच कायद्याने दाखवले. पिटबुल गेला, आणि काही वर्षांनी ज्यांना दांडगा व दरारा वाटेल असा कुत्रा हवा होता त्यांच्याकडे एक्सएल बुली आला, जो यादीत नव्हता. २०२३ च्या अखेरीस तोही यादीत घातला गेला आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय तो बाळगणे गुन्हा ठरला. त्याच्या सरकारी व्याख्येत नराची खांद्यापाशी उंची किमान ५१ सेंटिमीटर आणि मादीची ४८ सेंटिमीटर अशी मोजमापे आहेत. ज्या मालकाने नोंदणी केली, नसबंदी करून घेतली, विमा उतरवला आणि मुसके बांधून कुत्रा बाहेर नेला, तो सरकारच्या वहीत आला. ज्याने यातले काहीच केले नाही त्याच्यापर्यंत पोहोचायला कोणीतरी चावले जावे लागते.

भारतात मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना परिपत्रक पाठवून २३ प्रकारांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास सांगितले. त्या यादीत टोसा दोन नावांनी दोनदा आला होता, आणि 'टेरियर' हा शब्द एखाद्या एकाच जातीचे नाव असावे तसा लिहिला होता, जेव्हा त्या नावाखाली मांडीवर मावणाऱ्या कुत्र्यांपासून पुढे कितीतरी जाती येतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात रद्द केले.

माझ्या विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मी टाळणार नाही. मोठ्या, ताकदवान कुत्र्याचा चावा अधिक इजा करतो. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या २३८ मृत्यूंच्या अभ्यासात पिटबुल आणि रॉटवायलर या प्रकारांचा वाटा मोठा होता. त्याच अभ्यासात किमान २५ जातींची नोंद होती, हेही खरे. नंतर २००० ते २००९ मधील २५६ मृत्यूंचा तपशील कसून तपासला गेला, तेव्हा जात खात्रीने सांगता आली ती सुमारे १८ टक्के प्रकरणांत. वारंवार आढळल्या त्या गोष्टी वेगळ्या होत्या : मध्ये पडू शकेल असे कोणी जवळ नसणे (८७ टक्के), नसबंदी झालेली नसणे (८४ टक्के), माणसांच्या रोजच्या सहवासापासून कुत्र्याला तोडून ठेवलेले असणे (७६ टक्के). साखळीला बांधून परसात टाकलेला कुत्रा कोणत्या जातीचा आहे, हा माझ्या मते चुकीच्या क्रमाने विचारलेला प्रश्न आहे.

पैदाशीच्या नियमांबाबतही माझी तक्रार याच जातीची आहे. पिल्लाच्या वयाचा तिसरा ते साधारण चौदावा आठवडा हा काळ माणसे, मुले, आवाज, अनोळखी वास यांच्याशी ओळख होण्याचा असतो, आणि त्यातला बराचसा पैदास करणाऱ्याच्या घरात जातो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भांड्यांच्या आवाजात वाढलेले पिल्लू पुढे घाबरून चावण्याची शक्यता कमी. तरीही नियम लिहिणारे बहुधा फरशी मोजतात. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार परवानाधारक पैदासकाराकडे प्राण्यांचा स्पर्श होईल ते पृष्ठभाग ओलावा न शोषणारे असावे लागतात, आणि पिंजऱ्याचे किमान क्षेत्रफळ कुत्र्याच्या लांबीत सहा इंच मिळवून येणाऱ्या संख्येच्या वर्गावरून काढले जाते. या हिशेबात धुता येणारा पिंजरा सहज बसतो, दिवाणखान्यातला गालिचा बसत नाही. चारपर्यंत माद्या असणाऱ्यांना सूट आहे, हे मान्य. पण नियमांचा कल कोणीकडे आहे ते यातून दिसते.

सर्वच नियमांना माझा विरोध नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, मादीला वर्षानुवर्षे सलग विणायला लावू नये, हे नियम मी कोणापुढेही मांडीन. आणि एका प्रकरणात तर जातीचे नाव घेणाऱ्या निर्णयापुढे मी गप्प बसतो. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलच्या शुद्ध पैदाशीवरील बंदी कायम केली. त्या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार आणि मेंदूला अपुरी पडणारी कवटी इतकी पसरली आहे की निरोगी जोडी शोधणेच अवघड व्हावे. तेथे दोष मालकाच्या वागण्यात नसून जातीच्या शरीरातच आहे. चाव्याच्या बाबतीत तसे दाखवता आले, तर मी माझे मत बदलीन.

नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर घातलेली बंदी चावे कमी होत नाहीत हे दिसल्यावर २००८ मध्ये उठवली. कॅनडातील कॅल्गरीने जातीऐवजी प्रत्येक कुत्र्याची नोंदणी आणि निष्काळजी मालकाला जबर दंड हा मार्ग धरला. मला तो पसंत आहे, कारण त्या लॅब्रॅडोरच्या घरीही तो पोहोचला असता.

त्या घरात सात वर्षांची एक मुलगी होती, म्हणजे 'लहान मूल असते तर' हा प्रश्न तेथे कल्पनेतला नव्हता. मी मारणे बंद करायला सांगितले, आणि कुत्रा जेवत असताना खोलीचे दार लावून घ्यायला सांगितले. सुमारे दोन महिन्यांनी मालकाचा घाबराघुबरा फोन आला की कुत्रा पुन्हा गुरगुरू लागला आहे. मी म्हणालो, ही चांगली बातमी आहे, दार मात्र अजून लावतच राहा.