तुम्ही विचारलंत म्हणून: रुंद चाकांसाठी फेंडर किती कापायचा?

माझ्या स्विफ्टची चाकं बघून दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, फेंडर किती कापला? कापला नाहीये. फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, आतली कड फक्त वर दुमडलीय, आणि तेवढ्यासाठीही आधी हिशोब करावा लागला.

लोक टायरची रुंदी बघतात आणि ऑफसेट विसरतात, खरी गडबड तिथे होते. ऑफसेट म्हणजे रिम हबला जिथे टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते; तो कमी झाला की चाक बाहेर येतं. समजा जुनं रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट 45, आणि नवं सात इंच रुंद, ऑफसेट 35. दीड इंच वाढला त्याचा अर्धा म्हणजे 19 मिलिमीटर, त्यात ऑफसेटचे 10, म्हणजे चाक तब्बल 29 मिलिमीटर बाहेर आलं. हेच रिम 45 ऑफसेटचं घेतलं तर 19 वरच थांबतं, पण मग आतही तेवढंच सरकतं, म्हणून आत शॉकअपला किती जागा उरते ते बघूनच ठरवा.

पुढचा फेंडर बोल्टवर असतो, पत्रा एकेरी, चुकला तर बदलता येतो. मागचं तसं नाही, तिथे बाहेरचा आणि आतला पत्रा कमानीच्या कडेला स्पॉट वेल्डिंगने जोडलेला असतो, ती कड कापली की जोडच उघडा पडतो आणि पावसाचं पाणी थेट दोन पत्र्यांच्या मध्ये. मी रत्नागिरीत राहतो, इथली खारी हवा उघड्या पत्र्याला सोडत नाही हो! पहिल्यांदा एका गॅरेजमध्ये मागची उजवी बाजू गरम न करताच हातोडीने ठोकली, रंगाला केसाएवढी चीर गेली, आणि एका पावसाळ्यात तिथे गंजाचे फोड. फार वाईट वाटलं होतं मला तेव्हा.

दुसऱ्या बाजूला नीट केलं. चाक काढून हबवर रोलर (कड दाबून दुमडायचं अवजार) बसवला, हीट गनने रंग हाताला चांगला गरम लागेपर्यंत तापवला आणि कड एकदम न वळवता थोडी थोडी, सात-आठ फेऱ्यांत वर घेतली, मधे मधे परत तापवत. शेवटी आतून सीलंट आणि गंजरोधक कोट. हे शेवटचं काम कंटाळा आला म्हणून सोडू नका, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

कमान कापून रुंद फ्लेअर (चाकावर बाहेर येणारी जादा पट्टी) लावण्याबद्दल पण विचारता, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा, कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा आरसीत फरक पडेल असा बदल चालत नाही आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. मी त्या वाटेला गेलो नाही.

आणि कड रोलरने दुमडायच्या आधी तिला शाडूच्या मातीचे गोळे चिकटवा, मागे तीन माणसं आणि सामान भरून आंबा घाटातून एक चक्कर मारून या. जिथे माती चेपली तिथेच टायर घासतोय, बाकीच्या कडेला हात लावायची गरजच नाही.