एका बांधासाठी वीस मिनिटं

डब्लिनचे पहिले चार दिवस नेहमीचेच, पूल, पब, पाऊस. पाचव्या दिवशी भाच्याच्या मागे लागलो की मला पेलची हद्द दाखव. पेल म्हणजे ट्यूडर राजांच्या काळात डब्लिनभोवतीचा जेवढा पट्टा खरोखर इंग्रजांच्या हुकमात होता तेवढा, पलीकडे आयरिश सरदार, नावाला मात्र राज्य सगळ्या बेटावर.

क्लेन गावाबाहेर, क्लोंगोज वूडच्या जुन्या शाळेच्या बाजूला गाडी लावली आणि बूट चिखलात. नेटल नावाचं एक झुडूप असतं, आपल्या खाजकुयलीसारखंच छळणारं, ते पोटरीला घासलं आणि मी बोंबललो की कुठाय तुझी ती हद्द? "मामा, तू उभा आहेस ना, तीच."

खाली बघितलं तर एक मातीचा उंचवटा, बाजूला चर, वर काटेरी झुडपं आणि झाडं. खरं सांगतो, खूप राग आला, कारण मी डोक्यात तटबंदी, बुरूज असलं काहीतरी घेऊन गेलो होतो. 1494-95 ला ड्रॉहेडा गावात भरलेल्या संसदेने कायदाच केला की हद्दीवरच्या लोकांनी दुहेरी चर खणून सहा फुटी बांध घालायचा. सहा फूट म्हणजे माणूस आरामात चढतो. पण चोरलेली गुरं रात्री हाकत न्यायची तर तोच बांध आडवा येतो, आणि इथली खरी लढाई गुरांचीच होती, हे मला त्या चिखलात उभं राहून कळलं.

एवढं करूनही पेलमधल्या मीथचे लोक पलीकडच्या ऑफलीच्या ओ'कॉनर सरदाराला 'ब्लॅक रेंट' भरत होते, म्हणजे लुटू नये म्हणून दरवर्षी पैसे. अरे ही तर चौथाई! आपण चौथाईचे पोवाडे ऐकत वाढलो, देणाऱ्याच्या बाजूने कधी विचारच केला नव्हता, जरा ओशाळल्यासारखं झालं.

बायको गाडीतून उतरलीच नाही. काच खाली करून म्हणाली, "बांधच बघायचा होता तर आपल्या गावचा काय वाईट होता, त्याची तर अजून कोर्टात केस चालूय."

येताना मेनूथचा किल्ला. पोचेपर्यंत बंद झालेला, उशीर आमचाच, गजातून बघितला. किल्डेअरच्या फिट्झजेराल्ड घराण्याचा. सरहद्द सांभाळायची तर राजाला असला तगडा वतनदारच लागायचा, आणि तो डोईजड होतोय ही धास्तीही कायम. 1534 ला आठव्या हेन्रीने नवव्या अर्लला, म्हणजे या घराण्याच्या प्रमुख उमरावाला, लंडनला बोलावून घेतलं, इकडे बापाचा गळा कापला अशी अफवा, मग एकवीस वर्षांच्या पोराने, सिल्कन थॉमसने, डब्लिनच्या सेंट मेरीज ॲबी या मठात राजाची तलवार सगळ्यांसमोर फेकून दिली. 1535 च्या मार्चमध्ये राजाच्या तोफांनी हा किल्ला पडला, आतले शरण आले तरी बहुतेकांना मारलं, आणि 1537 ला थॉमसला पाच काकांसकट लंडनला संपवलं. त्यानंतर राजाने इंग्लंडहून आपली माणसं आणि पगारी फौज आणली, पण सरहद्द काही स्वस्तात सांभाळता आली नाही, खर्च नुसता वाढतच गेला.

गजाला नाक लावून मी हे सगळं सांगत होतो. भाचा म्हणाला, "मामा, ट्रॅफिक लागेल." पोटरी रात्रीपर्यंत चुरचुरत होती.