आधी पाणी, मग थंडी, मग मशीन

अमेरिकेत कुठल्याही हॉटेलात जा, मागायच्या आधीच बर्फाने काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास समोर येतो. जानेवारीत बाहेर फूटभर बर्फ साचलेला असला तरी येतो. माझी आई इथे आली की खुर्चीत बसायच्या आधी वेटरला "नो आइस" सांगते. मात्र बॉस्टनच्या बाजूचा जुलै ज्याने काढला आहे, त्याला या लोकांची बर्फाची सवय लगेच कळते. हवा दमट, घरं जुनी लाकडी, सेंट्रल एसी असेलच असं नाही. म्हणून इथे फ्रीजरमध्ये बर्फाचं मशीन असणं ही चैन समजली जात नाही. सर्वेल नावाच्या कंपनीने 1953 मध्ये घरगुती फ्रीजमध्ये आपोआप बर्फ करणारं मशीन आणलं आणि पुढे ते इथल्या स्वयंपाकघरांत सर्रास दिसू लागलं.

आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात राहतो. या उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून आले होते आणि नेमकं 4 जुलैच्या सुट्टीच्या तोंडावर आमचं बर्फाचं मशीन बंद पडलं. पाहुणे यायचे होते, पन्हं करून ठेवलं होतं आणि बर्फाची बादली रिकामी. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर सुट्टीमुळे पुढच्या आठवड्यापर्यंत कुणाला वेळ नव्हता. नुसतं येऊन बघायचेच 100 डॉलरच्या वर, पार्ट आणि मजुरी वेगळी. इथे वस्तूपेक्षा माणसाच्या हाताला जास्त मोल आहे. मला ते मनापासून योग्य वाटतं, पण त्यामुळे घरातल्या बारीकसारीक दुरुस्त्या स्वतः शिकून घ्याव्याच लागतात.

बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. मी फोनवर नवा पार्ट शोधायला लागले तर म्हणाले, "थांब गं. पार्ट मागवायची घाई नको. आधी पाणी बघ, मग थंडी बघ, मग मशीन. गाडी बंद पडली म्हणून कुणी पहिल्या फटक्यात इंजिन उतरवतं का?"

हा क्रम मी इथे सविस्तर लिहिते आहे, कारण मशीन बर्फ देत नाही म्हटलं की बहुतेक जण थेट मशीनच बदलतात आणि नव्या मशीनमधूनही बर्फ येत नाही.

पाण्यापासून सुरुवात केली. फ्रीजच्या मागे पाव इंच जाडीची एक नळी येते, ती बहुधा सिंकखालच्या लाइनवरून काढलेली असते. तिच्यावर एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो कधी अर्धवट बंद राहतो, कधी फ्रीज मागे ढकलताना नळी दुमडते. फ्रीजच्या आतला पाण्याचा फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो. तो तुंबला की पाणी थेंबथेंब येतं आणि बर्फाचे खडे पोकळ, बारके पडतात. शेवटी फ्रीजरच्या मागच्या भिंतीतून पाणी आत सोडणारं टोक असतं, त्यात बर्फ अडकून बसतो. तो सुरीने टोकरायचा नाही, प्लास्टिक चिरतं. फ्रीजचा प्लग काढून कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं धरलं की सुटतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. मशीनच्या साच्यात पाणी आलेलं होतं आणि त्याचा कडक बर्फही झालेला होता. म्हणजे पाणी ठीक.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कळल्यापासून मी आमच्या नळाकडे वेगळ्या नजरेने बघते. केंब्रिजचं पाणी फ्रेश पाँड नावाच्या तलावातून येतं. बाबा रोज सकाळी त्या तलावाभोवतीच्या सव्वादोन मैलांच्या वाटेवर फिरायला जायचे. एकोणिसाव्या शतकात याच तलावातून हिवाळ्यात बर्फाच्या लाद्या कापून जगभर विकल्या जायच्या. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा त्या धंद्यातला राजा. त्याच्यासाठी नॅथॅनियल वायेथने घोड्याने ओढायचा बर्फाचा नांगर बनवला आणि लाद्या एकसारख्या कापता येऊ लागल्या. 1833 साली ट्यूडरने ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून सुमारे 180 टन बर्फ कोलकात्याला रवाना केला. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, आणि तरी 100 टनांच्या आसपास बर्फ शाबूत पोहोचला. लाकडाचा भुसा, घट्ट रचलेल्या लाद्या आणि हवा आत शिरू न देणारी कोठी, एवढंच भांडवल. पुढे मुंबईतही हा बर्फ उतरू लागला आणि त्यासाठी गोदीजवळ आइस हाउस बांधलं गेलं. मद्रासचं आइस हाउस आजही उभं आहे, 1897 मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते. हे ऐकल्यावर बाबा दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठी बराच वेळ थांबले होते, असं आईने सांगितलं.

आता थंडी. फ्रीजरचं तापमान 0 फॅरनहाइट, म्हणजे उणे 18 सेल्सिअस हवं. दाराच्या वरचा आकडा बघून भागत नाही. साधा थर्मामीटर गोठलेल्या पाकिटांमध्ये रात्रभर ठेवायचा आणि सकाळी बघायचा. याचं कारण मशीनच्या रचनेतच आहे. साच्यातलं पाणी गोठलं की नाही हे मशीनला दिसत नाही. त्याला फक्त साच्याचं तापमान कळतं. साचा साधारण उणे 9 अंशांपर्यंत उतरला की आतला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर चालणारी कळ, जोडला जातो आणि मगच मशीन बर्फ काढायला घेतं. फ्रीजर तेवढा थंड होत नसेल, तर बर्फ तयार असूनही मशीन ढिम्म हलत नाही. दाराचं रबर सैल झालंय किंवा मागच्या कॉइलवर धूळ बसलीय, एवढंच कारण असतं आणि लोक मशीनला दोष देतात. आमचा थर्मामीटर उणे 18 दाखवत होता.

उरलं मशीन. बाबांनी चष्मा पुसला, फ्रीजचा प्लग स्वतःच्या हाताने काढला, तो प्लग सगळ्यांना दिसेल असा ओट्यावर ठेवला आणि मग टॉर्च धरून आत डोकावले. अॅल्युमिनियमचा साचा, त्यात आठ अर्धचंद्राकृती खळगे. वर एक दांडा, त्याला कंगव्यासारखे दाते. बर्फ सुटला की हे दाते फिरून खडे बाहेर ढकलतात आणि खालच्या बादलीत पाडतात. बाजूला तारेचा एक वळवलेला हात असतो, बादली भरली की तो वरच अडकून राहतो आणि काम थांबतं. अनेकदा हा हात कुणीतरी चुकून वर उचलून ठेवलेला असतो, तेवढंच. आमचा हात खाली होता. दाते मात्र बर्फावर टेकून मध्येच अडकले होते.

ते बघून बाबा म्हणाले, "मोटर जोर लावतेय, पण खालून सुटत नाहीये. हिचा हीटर बघ."

बर्फ करणाऱ्या यंत्रात हीटर असतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. साच्याच्या पोटाला तो वळसा घालून बसवलेला असतो. थर्मोस्टॅट जोडला गेला की मोटर आणि हीटर एकत्र सुरू होतात. साचा जरासा तापतो, खड्यांचा तळ सुटतो आणि तेव्हाच दात्यांना ते ढकलता येतात. दांड्याची फेरी पूर्ण होत आली की एक कळ फ्रीजच्या मागचा पाणी सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह सात-आठ सेकंद उघडते आणि पुढचं पाणी भरतं. यात कॉम्प्युटरचा काही संबंध नाही, सगळा हिशेब एका फिरणाऱ्या चाकावर. मल्टिमीटर, म्हणजे वायर-सर्किट तपासायचं मीटर, लावला. अशा हीटरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, 72 ओहमच्या आसपास यायला हवा. आमच्या मीटरवर आकडाच येईना, सर्किट तुटलेलं. निदान पक्कं झालं.

इथे बाबांना वाईट वाटलं, आणि मलाही. हीटर जळला तर हीटर बदलावा, असं साधं गणित. पण तो साच्याच्या अॅल्युमिनियमला दाबून पक्का केलेला असतो, सुटा मिळत नाही, अख्खं मशीन घ्यावं लागतं. "डेपोत आम्ही सेल्फचं, म्हणजे गाडी सुरू करणाऱ्या मोटरचं, आर्मेचर जळलं तर तारा नव्याने गुंडाळून परत बसवायचो," बाबा म्हणाले. "मोटर चांगली, थर्मोस्टॅट चांगला, आणि एका तारेसाठी सगळं टाकायचं?" त्यांचं बरोबरच आहे. गाड्यांच्या बाबतीत इथल्या मतदारांनी 2012 मध्ये दुरुस्तीचा हक्क कायद्याने मिळवला, भारत सरकारनेही 2022 च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. घरातल्या यंत्रांचे असे सुटे भागही मिळायला हवेत, असं मला तळमळीने वाटतं. जुन्या मशीनमधली मोटर बाबांनी काढून पुसून एका डब्यात ठेवायला लावली.

नवं मशीन 80 डॉलरच्या आसपास मिळालं. मॉडेल नंबर फ्रीजच्या आतल्या भिंतीवरच्या स्टिकरवरून उतरवून घ्यायचा, पावतीवरच्या नावावर जायचं नाही. बसवणं खरोखर सोपं आहे. बादली काढा, वरचे दोन स्क्रू फक्त सैल करा, खालचा एक पूर्ण काढा, मशीन वर उचललं की खाचेतून सुटतं. मागच्या भिंतीतला वायरचा प्लग खटका दाबून काढायचा, वायर धरून ओढायची नाही. स्क्रू पाव इंची षट्कोनी डोक्याचे. साताऱ्याच्या सवयीने बाबांनी मिलिमीटरचे पाने मागितले, तर 6 चा बसेना आणि 7 चा घसरत होता. "अरे, हे जुन्या गाड्यांसारखं इंचातलं काम आहे," म्हणून ते इतके खूश झाले की पुढच्या तिन्ही स्क्रूंना त्यांनी मला हात लावू दिला नाही.

बसवताना साचा पातळीत आहे ना, हे बघावं. एका बाजूला कलला तर पाणी काठावरून बादलीत सांडतं आणि सगळ्या खड्यांची एक ढेप होते. नव्या मशीनचा पहिला बर्फ खायचा नाही, त्याला प्लास्टिकचा वास असतो. पूर्ण क्षमतेने बर्फ यायला एक दिवस जातो. आम्ही मात्र ऐकत बसलो होतो. आधी मागे खट् असा आवाज, मग नळीतून पाणी पडल्याचा, मग शांत. बराच वेळाने बादलीत खडखड झाली तेव्हा आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, पडला बघा!"

हे सगळं घरच्या ग्रुपवर सांगितल्यावर पुण्याहून मामेभावाचा लगेच फोन. "ताई, आमचंही तसंच झालंय गं, येताना एक मशीन घेऊन ये ना." त्याच्यासारखे मोठे दोन दारांचे फ्रीज आता पुण्या-मुंबईत पुष्कळ घरांत आलेत, म्हणून त्याला दिलेलं उत्तर इथेही लिहिते. इथला पार्ट तिकडे नेऊ नका. इथली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. त्याच हीटरला जवळपास दुप्पट दाब मिळाला की तो साडेतीन-चारपट तापायला बघतो आणि जळतो. दुसरं, यातल्या बऱ्याच मशीनना पाण्याचा किमान 20 पीएसआय (दाब मोजायचं इंचातलं माप) दाब लागतो. त्यासाठी टाकी साधारण 14 मीटर उंच हवी, म्हणजे चार-पाच मजले वर. मामेभाऊ राहतो सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी बरोबर डोक्यावर. त्यातून फ्रीजची नळी आरओच्या नळाला जोडलेली, तिथे दाब आणखी कमी होतो. त्याला म्हटलं, मशीनला अजून हात लावू नकोस, आधी प्लंबरला बोलावून दाब मोजून घे आणि कमी निघाला तर छोटा बूस्टर पंप बसव. मग बाबांनी फोन घेतला आणि त्याला फ्रीजरमध्ये थर्मामीटर कुठे ठेवायचा ते सांगायला लागले.